सीआयएन ३ आला म्हणजे पिशवी काढायलाच हवी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३३, एक मूल आहे, दुसरं हवंय. पॅप स्मिअरमध्ये एचएसआयएल, म्हणजे पेशींत गंभीर दर्जाचे बदल आले, म्हणून कोल्पोस्कोपी करून (भिंगातून गर्भाशयमुख तपासून) बायोप्सी घेतली आणि रिपोर्टवर 'सीआयएन ३' असं आलं. एका डॉक्टरांनी सांगितलं की पिशवी काढून टाका, कायमची काळजी मिटेल. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, लीप, म्हणजे विजेच्या तारेच्या कड्याने गर्भाशयमुखाचा बदललेला भाग काढणं, पुरेसं आहे. तुम्हाला विचारायचंय की यातलं बरोबर काय. आणि लीपमध्ये कॅन्सर निघाला तर पिशवी जाणारच, मग ती आत्ताच का काढू नये?

हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझ्या ओपीडीत बायका आणि त्यांचे घरचे नेमका हाच युक्तिवाद घेऊन येतात, आणि ऐकायला तो पटतो. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं: मोठं ऑपरेशन म्हणजे जास्त सुरक्षित. गर्भाशयमुखाच्या बाबतीत हे खरं नाही. बदल किती खोल गेलाय हे कळायच्या आधी साधी पिशवी काढली, तर ते ऑपरेशन तुमच्या आजारासाठी गरजेपेक्षा फार मोठं ठरू शकतं किंवा फार अपुरं. अपुरं ठरतं तेव्हा ते निस्तरणं अवघड जातं. म्हणून आत्ता तुमच्यापुढचा खरा प्रश्न 'लीप की पिशवी' हा नाहीच. खोली किती, हे अजून कुणालाच माहीत नाही, आणि ती आधी कळायला हवी.

सीआयएन ३ म्हणजे गर्भाशयमुखाच्या वरच्या आवरणाच्या जवळजवळ पूर्ण जाडीत पेशी बदललेल्या आहेत, पण आवरणाखालचा पातळ पडदा त्यांनी ओलांडलेला नाही. पडदा ओलांडला नाही तोवर त्या रक्तवाहिन्यांत किंवा लसिकागाठींमध्ये जाऊ शकत नाहीत. म्हणून हा कॅन्सर नाही. पण सोडून देण्यासारखाही नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात गेल्या शतकात काही स्त्रियांचा सीआयएन ३ पुरेसे उपचार न करता नुसता पाहत ठेवला गेला. ते अनैतिक होतं, त्यावर पुढे सरकारी चौकशी झाली आणि १९८८ मध्ये अहवाल आला. त्या स्त्रियांच्या नोंदी नंतर तपासल्या तेव्हा दिसलं की ज्यांची फक्त बायोप्सी झाली होती त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांना नीट उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ०.७ टक्के होतं. आणि 'नीट उपचार' म्हणजे सगळ्यांची पिशवी काढणं नव्हतं.

यातून दोन गोष्टी निघतात. तुमच्याकडे विचार करायला आठवडे आहेत, उद्याच टेबलावर जायची घाई नाही. आणि उपचार मात्र करायचेच आहेत, 'सहा महिन्यांनी बघू' म्हणून टाळायचे नाहीत. (सीआयएन १ असता तर मी थांबायलाच सांगितलं असतं. सीआयएन २ असेल आणि मूल हवं असेल, तर साधारण निम्म्या जणींमध्ये तो दोन वर्षांत आपोआप मागे जातो, त्यामुळे नीट लक्ष ठेवून थांबण्याचा पर्याय तिथे उरतो. सीआयएन ३ ला तो नाही. अपवाद गरोदरपणाचा: कॅन्सरची शंका नसेल तर बाळंतपणानंतरच उपचार करतात.)

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगते, कारण तुमची फाइल मी पाहिलेली नाही. पहिली, तुमच्या कोल्पोस्कोपीच्या कागदावर 'ट्रान्स्फॉर्मेशन झोन' टाइप १, २ की ३ असं लिहिलेलं असेल. हा तो पट्टा, जिथे आतली नाजूक त्वचा आणि बाहेरची जाड त्वचा एकमेकींना भेटतात, आणि एचपीव्हीचे, म्हणजे हे बदल घडवणाऱ्या विषाणूचे, बदल बहुतेक तिथेच सुरू होतात. टाइप १ म्हणजे पट्टा पूर्ण बाहेर आहे, सगळा दिसतो. टाइप २ म्हणजे थोडा गर्भाशयमुखाच्या नळीत आहे, पण सगळा दिसतो. टाइप ३ म्हणजे तो नळीच्या आत गेलाय आणि त्याची वरची कड दिसतच नाही. दुसरी, बायोप्सीत बदल वरच्या सपाट पेशींचे आहेत की ग्रंथींच्या पेशींचे. ग्रंथींचे असतील तर तिथे 'एआयएस' किंवा 'अॅडिनोकार्सिनोमा इन सिटू' असं लिहिलेलं असतं, आणि मग पुढचं बरंच काही बदलतं. तिसरी, पॅप, कोल्पोस्कोपी आणि बायोप्सी हे तिन्ही एकच गोष्ट सांगतायत का. बायोप्सीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. शेजारी अधिक वाईट जागा असू शकते, आणि तिथून तुकडा घेतलाच गेला नसेल. म्हणूनच बायोप्सीच्या भरवशावर मी पिशवीबद्दल बोलत नाही.

गोठवून किंवा उष्णतेने जाळून बदललेला भाग नष्ट करण्याच्या पद्धती आहेत: क्रायो आणि थर्मल अॅब्लेशन. टाइप १ पट्टा, बदल पूर्ण दिसतोय, नळीत शिरलेला नाही, ग्रंथींचा आजार नाही, कॅन्सरची शंका नाही, अशा ठिकाणी त्या चांगल्या चालतात, आणि जिथे मोठ्या सोयी नाहीत तिथे त्यांनी फार मोठं काम केलंय. पण जे जाळलं ते तपासता येत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तर त्या तुकड्यातच आहे. सीआयएन ३ ला मी काढून तपासण्याकडेच झुकते.

लीप म्हणजे काय ते जरा जवळून सांगते, कारण 'करंट देऊन कापतात' एवढंच ऐकून बायका घाबरतात. तपासणीला झोपता तसंच झोपायचं. आधी गर्भाशयमुखावर पातळ अॅसिटिक अॅसिड लावतात, मिनिटभरात बदललेला भाग पांढरा पडतो. मग आयोडीन लावतात: निरोगी त्वचा गडद तपकिरी होते आणि आजारी भाग मोहरीसारखा पिवळा राहतो. त्या पिवळ्या कडेच्या किंचित बाहेरून कापायचं असतं. कडेला तीन-चार जागी भुलीचं इंजेक्शन दिलं जातं. त्यात रक्तस्राव कमी करायचं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे मिनिटभर छातीत धडधडतं. हे आधी सांगितलं तर भीती वाटत नाही. मग तारेचं कडं एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेलं जातं, त्याला काही सेकंद लागतात. तुकडा शक्यतो एकसंध निघाला पाहिजे. तीन-चार तुकड्यांत निघाला तर कडा कोणती आणि मधला भाग कोणता हेच पॅथॉलॉजिस्टला कळत नाही. मी बारा वाजण्याच्या जागी एक दोरा बांधून तुकडा पाठवते. तिकडे त्याच्या कडांना शाई लावतात, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे त्याचे काप करतात, आणि आजार शाईपर्यंत पोचलाय का ते पाहतात. रिपोर्टमधला 'मार्जिन' हा शब्द तिथून येतो.

त्याच दिवशी घरी जाता येतं. दोन-तीन आठवडे तपकिरी-काळसर स्राव होतो, तो रक्त थांबवायच्या औषधामुळे. सुमारे महिनाभर संबंध आणि टॅम्पॉन टाळायचे. आठवड्या-दोन आठवड्यांनी खपली सुटताना कधी कधी रक्तस्राव वाढतो. तासाला एक पॅड भिजत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

दुसऱ्या बाळाचा विचार इथेच करायचा असतो. किती खोल कापायचं हे पट्ट्याच्या प्रकारावर ठरतं: टाइप १ ला साधारण ७ ते १० मिलिमीटर, टाइप २ ला १० ते १५, टाइप ३ ला १५ ते २५. जितकं खोल, तितकी पुढच्या बाळंतपणात वेळेआधी प्रसूतीची शक्यता वाढते. १० मिलिमीटरच्या आतल्या लीपनंतर ही वाढ थोडी असते, खोल कोन बायोप्सीनंतर (ती काय ते पुढे सांगते) किंवा दोनदा केलेल्या लीपनंतर ती खरोखर लक्ष द्यावी अशी असते. म्हणून डॉक्टरांना 'लीप करणार का' एवढंच विचारू नका, 'किती खोल काढणार आणि का' हे विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

कोन बायोप्सी, म्हणजे सुरीने शंकूच्या आकाराचा तुकडा काढणं, भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये होते. रक्तस्राव थोडा जास्त, तुकडाही मोठा. पण कडा जळलेल्या नसतात, त्यामुळे पॅथॉलॉजिस्टला शेवटचा अर्धा मिलिमीटरही वाचता येतो. एआयएस असेल किंवा आवरणाखाली सूक्ष्म शिरकाव झाल्याची शंका असेल, तर मी सुरीच पसंत करते. कडं वापरून एकसंध, न जळलेल्या कडांचा तुकडा काढता येत असेल तर तेही चालतं. महत्त्व हत्याराला नाही, तुकड्याला आहे.

आता तुमच्या 'आत्ताच का नाही' या प्रश्नाकडे. समजा पिशवी काढली आणि तिच्या रिपोर्टमध्ये ८ मिलिमीटर खोल शिरलेला कॅन्सर निघाला. त्या कॅन्सरसाठी आधी लसिकागाठी तपासायला हव्या होत्या, आणि काही जणींमध्ये गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंची ऊती व योनीचा वरचा भागही सोबत काढायला हवा होता. साध्या ऑपरेशनमध्ये यातलं काहीच होत नाही. आता पिशवी नाही, त्या जागी व्रण आहे, आतडी आणि मूत्रवाहिन्या तिथे चिकटलेल्या आहेत. मग अनेकदा रेडिएशन द्यावं लागतं, आणि ३३ व्या वर्षी रेडिएशन म्हणजे बीजकोषांचं काम थांबून पाळी कायमची जाणं. ही वेळ अशा बायकांवर आलेली मी पाहिली आहे ज्यांचा कॅन्सर एका नीट लीपने आधीच ओळखता आला असता. म्हणून या मुद्द्यावर मी आग्रही आहे: मोठ्या ऑपरेशनच्या आधी तुकडा हवाच.

दुसरं म्हणजे पिशवी काढल्याने 'कायमची काळजी' मिटत नाही. एचपीव्ही योनीच्या त्वचेतही राहू शकतो आणि तिथे असेच बदल होऊ शकतात. सीआयएन ३ साठी पिशवी काढलेल्या बाईलाही पुढे निदान २५ वर्षं तपासण्या कराव्याच लागतात.

मग पिशवी काढणं कधी योग्य? लीपनंतर आजार पुन्हा पुन्हा येतोय आणि आता कापायला मुखच उरलं नाही. मुख इतकं आवळलंय की तपासणीच होत नाही. फायब्रॉइडसारखं दुसरं सबळ कारण आहे. किंवा एआयएस आहे आणि कुटुंब पूर्ण झालंय. एआयएसमध्ये ग्रंथींचे बदल नळीत वर-खाली सुटे सुटे असू शकतात, कडा स्वच्छ असूनही पुढे एखादं बेट राहिलेलं असू शकतं, म्हणून तिथे मुलं झाल्यावर पिशवी काढण्याचा सल्ला देतात. पण तिथेही आधी कोन, मग पिशवी.

समजा तुमच्या लीपमध्ये कॅन्सर निघालाच. तरी पिशवी जाणारच असं नाही. ठरतं ते मिलिमीटरवर आणि 'एलव्हीएसआय' या अक्षरांवर, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसतायत का यावर.

३ मिलिमीटरपर्यंत खोली म्हणजे स्टेज १ए१. एलव्हीएसआय नाही आणि कोनच्या कडा स्वच्छ आहेत, तर लसिकागाठींमध्ये पसरण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. मूल हवं असलेल्या बाईसाठी तो कोनच पूर्ण उपचार. कुटुंब पूर्ण असेल तर साधी पिशवी काढण्याचा पर्याय देतात. कडांवर आजार असेल तर पुन्हा कोन करून खोली नक्की करायची, तिथून उडी मारायची नाही.

एलव्हीएसआय असेल, किंवा खोली ३ ते ५ मिलिमीटर, म्हणजे १ए२ असेल, तर ओटीपोटातल्या लसिकागाठी तपासायच्या. आता बऱ्याच ठिकाणी हिरवा चमकणारा रंग टोचून कॅन्सर आधी जिथे पोचेल ती पहिली लसिकागाठ शोधतात, त्यामुळे सगळ्या गाठी काढून पाय सुजण्याचा त्रास टळू शकतो. गाठी स्वच्छ असतील तर इथेही पिशवी वाचवता येते.

५ मिलिमीटरपेक्षा खोल पण २ सेंटिमीटरपर्यंतची कॅन्सरची गाठ म्हणजे १बी१. इथे गेल्या काही वर्षांत खूप बदललंय. आधी सगळ्यांना रॅडिकल हिस्टरेक्टॉमी सांगितली जायची: पिशवीसोबत बाजूची ऊती आणि योनीचा वरचा भाग. त्यात मूत्राशयाच्या नसा दुखावतात, लघवी नीट न होणं किंवा गळणं मागे लागतं. २०२४ मध्ये साधं आणि रॅडिकल ऑपरेशन यांची तुलना करणाऱ्या 'शेप' या वैद्यकीय चाचणीचे निकाल छापून आले. ७०० स्त्रिया, २ सेंटिमीटरपर्यंतची आणि फार खोल न गेलेली कॅन्सरची गाठ. तीन वर्षांत ओटीपोटात आजार परतण्याचं प्रमाण साध्या ऑपरेशननंतर २.५२ टक्के आणि रॅडिकलनंतर २.१७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच, आणि लघवीचे त्रास साध्या ऑपरेशननंतर कमी. पण त्या स्त्रिया काटेकोर तपासून निवडलेल्या होत्या, लसिकागाठीही तपासल्या होत्या. न तपासता काढलेल्या पिशवीला हा आकडा लावू नये.

मूल हवं असेल तर याच आकारापर्यंत ट्रॅकेलेक्टॉमी करता येते: गर्भाशयमुख आणि आजूबाजूची ऊती काढायची, पिशवीचा वरचा भाग ठेवून तो योनीला जोडायचा आणि खालच्या तोंडाशी कायमचा टाका घालायचा. दार्जां या फ्रेंच शल्यविशारदाने ही पद्धत १९९४ मध्ये जगापुढे मांडली. नंतर गर्भ राहू शकतो, प्रसूती सिझेरियननेच होते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा धोका खरा असतो. यातल्याही कमी धोक्याच्या काही जणींना आता कोन आणि लसिकागाठींची तपासणी एवढंच पुरतं.

२ ते ४ सेंटिमीटरला रॅडिकल हिस्टरेक्टॉमी. सपाट पेशींचा कॅन्सर असलेल्या तरुण बाईचे बीजकोष ठेवता येतात, हे आवर्जून विचारा. ४ सेंटिमीटरच्या पुढे बहुतेक वेळा ऑपरेशन न करता सुरुवातीपासून रेडिएशन आणि सोबत केमो, कारण ऑपरेशन करूनही रेडिएशन लागलंच तर दोन्हींचे त्रास एकाच शरीराला सोसावे लागतात.

आणि दुर्बिणीबद्दल. रॅडिकल हिस्टरेक्टॉमी 'छोट्या छिद्रांतून करू' असं कुणी म्हटलं तर २०१८ च्या 'एलएसीसी' चाचणीचं नाव घ्या. दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेल्या ऑपरेशननंतर साडेचार वर्षांनी ८६ टक्के स्त्रिया आजारमुक्त होत्या, पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ९६.५ टक्के. तेव्हापासून या ऑपरेशनसाठी मी पोट उघडूनच करायचा सल्ला देते. मोठा व्रण आणि जास्त दिवसांचं दुखणं मला मान्य आहे, पण व्रण भरतो.

तुमच्यासाठी मी काय करेन? स्लाइड्स दुसऱ्या, स्त्रियांच्या कॅन्सरचं काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घेईन. कॅन्सरची शंका नसेल आणि पट्टा टाइप १ किंवा २ असेल तर कोल्पोस्कोपीत बघत, लागेल तेवढ्याच खोलीचं लीप. रिपोर्ट येईपर्यंत पिशवीचा विषय बंद. कडेवर आजार आला तरी लगेच दुसरं लीप नाही, कारण पुष्कळ जणींमध्ये उरलेला भाग भरून येताना नाहीसा होतो. सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट करायची. ती निगेटिव्ह आली तर आजार उरण्याची शक्यता फार कमी असते, आणि कडांपेक्षा हीच तपासणी अधिक नेमकं सांगते. त्यानंतर तीन वर्षं दरवर्षी, मग अंतर वाढवत निदान २५ वर्षं. सिगारेट ओढत असाल तर ती सोडा, तिच्यामुळे आजार परतण्याची शक्यता वाढते. एचपीव्हीची लस आत्ताच्या आजारावर उपचार नाही, पण नवीन संसर्गापासून वाचवते, तेव्हा तिच्याबद्दल जरूर बोला.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात बोललं जात असेल म्हणून सांगते: हा विषाणू शारीरिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी तरी होऊन जातो आणि वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. या रिपोर्टवरून नवऱ्याबद्दल किंवा तुमच्याबद्दल कुणीही काहीही ठरवू शकत नाही.

बाळासाठी सहा महिन्यांची तपासणी होऊ द्या, मग प्रयत्न सुरू करा. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत लीप झाल्याचं सांगा आणि तुकड्याची खोली किती मिलिमीटर होती तो कागद दाखवा. त्यावरून १६ ते २४ आठवड्यांत योनीमार्गे सोनोग्राफी करून मुखाची लांबी मोजायची का हे ठरतं, आणि ती कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन किंवा टाका यांचा विचार वेळेत करता येतो. म्हणून लीपचा पॅथॉलॉजी रिपोर्ट जपून ठेवा, त्याचा फोटोही काढून ठेवा.